आमची वाटचाल: आठ इंची मिल आणि तो जुलै

2011 साली वाळूज एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही आठ इंची जेट मिल बसवली, म्हणजे दाबाच्या हवेनं पावडरीचे कण एकमेकांवर आपटून बारीक करणारं यंत्र. सेकंडहँड. आमचे फिटरमामा बाहेर बिडी ओढत नुसत्या आवाजावरून सांगायचे, "फीड जास्त झालंय, कमी करा."

पहिली काही वर्षं साधं जॉबवर्क झालं. मग एका पार्टीचं इट्राकोनॅझोल आलं. फुप्फुसातल्या बुरशीवर पावडर श्वासातून द्यायची, असा त्यांचा ट्रायल. हे औषध पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पोटात निदान ॲसिड असतं, फुप्फुसात तेही नाही. म्हणजे कण बारीकच हवा. पाच मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला की घशातच चिकटतो, फारच बारीक झाला तर श्वासाबरोबर बाहेर.

जुलैत 20 किलोची बॅच काढली. डी-नव्वद 4.6, म्हणजे नव्वद टक्के माल 4.6 मायक्रॉनहून बारीक! पेढे वाटले. सतराव्या दिवशी फोन, "साहेब, इकडं 11 येतंय." डेबिट नोट आली, सात महिने पैसे अडकले, वीजबिल भावाच्या कापसाच्या पैशातून भरलं. त्यात मागच्या गल्लीतल्या एका मिलवाल्यानं किलोमागे 200 रुपये कमी लावले आणि वर सांगत सुटला, "त्यांची मिल पावसाळ्यात चालत नाही." मिल चालत होती हो!

पार्टीच्या आर अँड डीतल्या मॅडमनी मात्र आम्हाला सोडलं नाही. दोन दिवस गाळ्यात स्टुलावर बसून होत्या. मिलमध्ये कण आपटतात तेव्हा त्यांचा वरचा थर स्फटिकरूप राहत नाही. पुढं ओल लागली की तो पुन्हा स्फटिक धरतो आणि शेजारचे कण एकमेकांना जोडले जातात. मिलच्या हवेतली ओल काढणारा आमचा एअर ड्रायर दमला होता, त्यात माल मिलमधून काढला की लगेच डबल पॉलिथिनमध्ये बांधायची आमची घाई. मॅडमनी माल ट्रेमध्ये पसरून, ठरावीक तापमानाला आणि आर्द्रतेला लोणच्यासारखा मुरू दिला, म्हणजे तो थर कण सुटे असतानाच स्फटिक धरतो, मगच पॅकिंग. पुढची बॅच महिन्यानंही 4.9.

नवीन पोरांनो, मिल जुनी चालेल, ड्रायर नवा घ्या. ड्यू पॉइंट, म्हणजे हवेत ओल किती ते सांगणारा आकडा, रोज वहीत लिहा. आणि पेढे महिन्यानं वाटा.

गेल्या दिवाळीत त्या मिलवाल्याचा सुपरवायझर चहाला आला होता. जाता जाता हळूच म्हणाला, "ट्रे किती तास ठेवता, साहेब?"

मी म्हणालो, "पावसाळ्यात या, दाखवतो."