दोन्हीकडच्यांसाठी

सर्वांना सलाम. मी एसएससी १९९६ च्या बॅचचा, पाचवी ते दहावी बोर्डिंगमधेच होतो, गाव नवापूर तालुक्यात. स्मरणिकेच्या कमिटीने सांगितलं शाळेने काय दिलं ते लिहा, तर कबड्डीच्या टीमबद्दल आणि गणिताच्या सरांबद्दल बाकीचे लिहितीलच, मी बोर्डिंगच्या संध्याकाळच्या प्रार्थनेबद्दल लिहितो कारण त्यावर कोणी लिहिणार नाही असं वाटतं, आणि गणित तर मी केव्हाच विसरलो.

हॉलच्या भिंतीला एक छोटा फळा होता. वॉर्डन सर रेडिओच्या बातम्या ऐकून यायचे आणि खडूने त्यावर प्रार्थनेचे विषय लिहायचे. नुसतं "जगासाठी" असं लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. कोणतं गाव, कोणती माणसं, काय झालंय ते सांगा आणि मग डोळे मिटा. आणि भांडण कुठलंही असो, प्रार्थना दोन्हीकडच्यांसाठी. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध पेटलं तेव्हा मी पाचवीत, सगळीकडे रॉकेलची बोंब, आणि फळ्यावर सद्दाम हुसेन आणि बुश ही दोन्ही नावं शेजारी शेजारी. आमच्यातल्या एकाने प्रार्थनेत "हे स्वर्गीय बापा, दोघांनाही झोप लागू दे म्हणजे ते सकाळी भांडणार नाहीत" असं म्हटलं आणि सगळा हॉल फिदीफिदी हसला. सर हसले नाहीत, मोठ्याने आमेन म्हणाले. पुढे मुंबईची दंगल झाली तेव्हाही तेच, हिंदू मोहल्ले, मुसलमान मोहल्ले आणि पोलीस, तिघांसाठी. आठवी-नववीतली मोठी पोरं कुरकुर करायची की भो ज्याची चूक त्याच्यासाठी कशाला. सर बायबलमधल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढून द्यायचे, त्यात पौल म्हणतो सर्व माणसांसाठी, राजे आणि अधिकारी यांच्यासाठीसुद्धा मध्यस्थी करा, म्हणजे त्यांच्या वतीने देवाकडे मागा, आणि तेव्हाचे राजे रोमचे, म्हणजे ख्रिस्ती लोकांशी काही फार प्रेमाने वागणारे नव्हते हेही सांगायचे.

सदोम या पापी शहराचा देव नाश करणार असतो, ते वाचावं म्हणून अब्राहाम देवाशी बोलतो तो बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाचा अठरावा अध्याय तर आम्हाला पाठच होता. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? करत करत दहावर येतो. नंदुरबारच्या मार्केटात मिरचीचा भाव करतात तसंच चाललंय असं आम्हाला वाटायचं आणि मजा यायची. ते शहर तरीही वाचलं नाही, हे सरांनी कधी लपवलं नाही.

जानेवारीत प्रार्थना सप्ताह असायचा. तेव्हा चर्चचे पाळकसाहेब यायचे, त्यांनीच सांगितलं की ही पद्धत काही विलायतेतच निघालेली नाही, १८५७ चं बंड होऊन गेल्यावर १८५८ मधे लुधियानाच्या मिशनऱ्यांनी जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांना हाक दिली आणि १८६० च्या जानेवारीत आठवडाभर ठिकठिकाणी लोक प्रार्थनेला बसले. मला तेव्हा लुधियाना म्हणजे स्वेटर एवढंच माहीत.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन होऊन लोक घरी येऊन झोपलेले. त्यानंतर महिनाभर शुक्रवारी सकाळी आम्हाला उपास, आणि वाचलेल्या पोह्यांचे पैसे डब्यात जाऊन त्याच्या सतरंज्या लातूरकडे गेल्या. सातवीतला एक जण पोह्यांसाठी रडला होता. नाव लिहीत नाही, कार्यक्रमाला येणार आहे तो.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो पुढच्या वर्षीचा सप्टेंबर, सुरतचा प्लेग. आपल्या भागातून किती लोक सुरतला हे सांगायला नको, उधना, लिंबायत म्हणजे अर्धं खानदेशच. गाड्या खचाखच भरून भुसावळकडे निघाल्या होत्या, लोकांच्या तोंडाला रुमाल, मेडिकलमधे टेट्रासायक्लिन मिळेना. फळ्यावर पहिला विषय सुरतचे लोक, दुसरा सुरत महापालिकेचे अधिकारी. एका संध्याकाळी प्रार्थना संपतासंपता गेटवर एक माणूस आला, माझ्या शेजारच्या ट्रंकवाल्या पोराचे वडील, उधन्याला पॉवरलूमवर होते. वॉचमन गेट उघडेना. तो माणूस आत यायचं म्हणतच नव्हता, लांबूनच "मना पोऱ्याले फक्त देखू द्या" एवढंच चाललेलं. सर आले, रुमाल बांधला, त्याला आधी सिव्हिलला घेऊन गेले, तपासणी झाली, कॅप्सूल घेतल्या, आणि रात्री स्टोअररूममधे त्याची खाट टाकली. कळण्याची भाकरी आणि ठेचा ताटात घालून सरांनीच दाराशी ठेवलं. पोरगा खिडकीच्या गजांमधून बघत होता. दोघं बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग वडिलांनी विचारलं चाचणी परीक्षा झाली का.

पुढच्याच वर्षी सुरतला एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि शहराचा कचरा हलला, ही बातमी सरांनी पेपरातून आम्हाला वाचून दाखवली. आपल्या प्रार्थनेने झालं असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही, काम रावांचं आणि त्यांच्या सफाई कामगारांचं. पण अधिकाऱ्यासाठी प्रार्थना केली की त्या अधिकाऱ्याचं पुढे काय झालं याची बातमी तुम्ही शोधता, ही सवय मला तिथलीच.

सगळं ऐकलं गेलं असंही नाही. अक्कलकुव्याकडच्या डोंगरातला एक मुलगा होता, त्याच्या बहिणीला पावसाळ्यात जुलाब लागले, नदीला पूर, दवाखान्यात पोचलीच नाही. आम्ही सगळे आठवडाभर तिच्यासाठी गुडघे टेकून बसलेलो. त्यानंतर तो प्रार्थनेला यायचा पण तोंड उघडायचा नाही, डोळे पण मिटायचा नाही. सर त्याला काही बोलले नाहीत. फळ्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहिलं आणि ते दिवाळीपर्यंत पुसलं नाही, त्याच्या वाटचं आम्ही करत राहिलो. तो पुढे शिक्षक झाला, त्याच्याच गावाकडे.

आता आमच्या बॅचचा ग्रुप आहे. नुसते हात जोडलेले इमोजी टाकणाऱ्यांचा मला राग येतो, कोणासाठी, काय झालंय ते लिहा ना भो. कोरोनात आम्ही साखळी प्रार्थना ठेवली होती, प्रत्येकाला अर्धा तास, आणि यादीत नंदुरबारचे तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड यांचं नाव असायचं, पहिल्या लाटेनंतरच त्यांनी ऑक्सिजन प्लांट बसवायला घेतले होते ते पुढे फार कामाला आलं. २०२३ मधे मणिपूरात कुकी आणि मैतेई या दोन समाजांत पेटलं तेव्हा एकाने फक्त कुकी ख्रिस्ती बांधवांसाठी असा मेसेज टाकला. दहा मिनिटांत त्या डोंगरातल्या शिक्षकाने खाली लिहिलं, "आणि मैतेईंसाठी." त्यावर ग्रुपवर दोन दिवस भांडण झालं, दोन जण बाहेर पडले, त्यातला एक परत आला. यादी मात्र दोन्ही नावांची राहिली.