पसंतीची फुली

७ मे २०२४च्या सकाळी डोळे उघडले तर व्हॉट्सअॅपवर आईचं बोट. डाव्या हाताची तर्जनी, नखावरून खाली ओढलेली शाईची रेघ आणि मागे धूसर झालेलं तुळशीवृंदावन. साताऱ्यात मतदान होतं. उन्हाच्या आधी उरकावं म्हणून आई सात वाजताच रांगेत जाऊन उभी राहिली होती. फोटोखाली एवढंच, ‘झालं माझं. तुझं काय?’

माझं काय कप्पाळ! २०१०च्या कायदादुरुस्तीनंतर आम्हा अनिवासी मंडळींना ६-अ नंबरचा अर्ज भरून गावच्या यादीत नाव घालता येतं. पण मत द्यायला जातीने गावी हजर राहावं लागतं. पोस्टाने चालत नाही, वकिलातीत जाऊनही चालत नाही. इंग्लंडातल्या लेस्टरहून साताऱ्याला एक बटण दाबायला जायचं, तर तिकिटाचा आकडा बघूनच मी अर्जाच्या वाटेला गेले नाही. (खरं सांगायचं तर आळसही होताच.) ४ जूनला मात्र पहाटे साडेतीनचा गजर लावून उठले, कारण तिकडे आठला मोजणी सुरू व्हायची होती. मत दिलेलं नसताना पोटात गोळा येतो, हे त्या दिवशी कळलं.

आणि बरोबर एका महिन्याने, ४ जुलैला, मी मत दिलं. ब्रिटनच्या संसदेसाठी. भारतीय पासपोर्ट दाखवून!

इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येतं, हे मला इथे आल्यावर दोन वर्षं ठाऊकच नव्हतं. माझा पोलिश सहकारी वीस वर्षं इथे कर भरतोय, त्याला हा अधिकार नाही. मी कालची आलेली, मला आहे. साम्राज्याने मागे ठेवलेल्या गोष्टींमधली ही एक, आणि ती माझ्या पदरात का पडावी याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मला हे सांगितलं शेजारच्या मासींनी. मासी गुजराती, १९७२ला हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेल्यांपैकी. त्या वेळी इथल्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की लेस्टरला येऊ नका, इथे जागा नाही. मासी म्हणतात, ‘जाहिरात वाचून तर लेस्टरचं नाव कळलं!’ तेव्हापासून त्यांनी एकही मतदान चुकवलेलं नाही. माझ्यासमोर बसून त्यांनी मोबाइलवर माझं नाव नोंदवून घेतलं.

आमचा मतदारसंघ लेस्टर ईस्ट. इथली उमेदवारांची यादी म्हणजे आपल्याकडच्या पालिका निवडणुकीसारखी, सगळे एकमेकांना ओळखणारे. कीथ वाझ, मूळचे गोंयकार घराण्यातले, १९८७पासून २०१९पर्यंत इथले मजूर पक्षाचे खासदार, या वेळी वेगळ्याच पक्षाकडून. २०१९ला मजूर पक्षाकडून निवडून आलेल्या क्लॉडिया वेब आता अपक्ष. मजूर पक्षाचे नवे उमेदवार राजेश अग्रवाल, जन्म इंदूरचा. आणि हुजूर पक्षाच्या शिवानी राजा, लेस्टरच्याच. चहाला बसलं की मासी एकेकाची कुंडली मांडायच्या.

मतदान गुरुवारी होतं, सुट्टी वगैरे काही नाही. सकाळी सात ते रात्री दहा. कामावरून परतताना गेले. आमच्या गल्लीमागचा छोटा हॉल, दाराशी एक कुत्रा बांधलेला, आत दोन टेबलं. पोलीस नाही, रांग नाही. टेबलामागच्या बाईंनी पासपोर्टातला फोटो आणि माझं तोंड ताडून पाहिलं, यादीवर पट्टी ठेवून माझ्या नावावर रेघ मारली आणि कागद दिला. आडोशाच्या फळीवर दोरीने बांधलेली बुटकी पेन्सिल. हव्या त्या नावापुढे फुली मारायची.

हात थबकला. शाळेत आयुष्यभर फुली म्हणजे चूक. बाईंनी मारलेल्या लाल फुल्या मोजत आपण वाढलो आणि इथे पसंतीच्या माणसापुढे फुली! दोनदा सूचना वाचली, मग मारली. कागदाची घडी घालून पेटीत टाकली. टुंऽ नाही, चिठ्ठी दिसणं नाही, बोटाला शाई नाही. बाहेर आल्यावर कुत्र्याने हात हुंगला, तेवढीच काय ती पोच.

रात्री दहाच्या ठोक्याला एक्झिट पोल आला: मजूर पक्षाला ४१०, हुजूर पक्षाला १३१. एकूण जागा ६५०. प्रत्यक्षात ४११ आणि १२१ झाल्या. सव्वाअकराच्या सुमारास सुंदरलँडकडचा पहिला निकाल. मोजणी सगळी हाताने, रात्रभर. मला आवडतं ते इथलं निकाल सांगणं. सगळे उमेदवार एकाच मंचावर ओळीने उभे असतात आणि अधिकारी मतं वाचून दाखवतो. तेव्हाचे पंतप्रधान, हुजूर पक्षाचे ऋषी सुनक यांच्या मतदारसंघात डोक्यावर कचऱ्याचा डबा घातलेला एक उमेदवारही होता. काऊंट बिनफेस हे त्याचं नाव, आणि त्याची मतंसुद्धा तितक्याच गंभीरपणे वाचली गेली.

तोवर मी मजा बघत होते. ४ जूनचा पोटातला गोळा नव्हता, पाहुणीसारखी पाय वर घेऊन बसले होते. मग लेस्टर ईस्ट पडद्यावर आलं आणि मी ताठ झाले. देशभर हुजूर पक्षाची धूळधाण होत असताना आमच्याकडे शिवानी राजा निवडून आल्या. अख्ख्या ब्रिटनमध्ये त्या पक्षाने नव्याने मिळवलेली ही एकमेव जागा. भिंतीपलीकडे मासींनी टाळी वाजवली की कपाळावर हात मारला, ते आवाजावरून कळेना. माझी फुली कुणाला गेली ते मी इथेही सांगणार नाही. आईने बाबांनाही कधी सांगितलेलं नाही, तो आमच्या घरचा नियम आहे.

तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल. भारतात नऊ वाजून गेले होते.

‘काय गं, सुधा मूर्तींचा जावई पडला म्हणे?’

‘जावई निवडून आला, आई. पक्ष पडला.’

‘बरं. बोट दाखव.’

दाखवलं. कोरं बोट बघून तिचा विश्वास बसेना. शाई नसते, पेन्सिलीने फुली मारतात, असं सांगितल्यावर तर ती फोनच्या आणखी जवळ आली. ‘पेन्सिलीने? मग कुणी खोडलं तर?’

‘आपलं पेन नेलं तरी चालतं.’

‘मग नेलं का नाहीस?’ म्हणाली, आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.