सबा की तिसा? कैरोतल्या दिनारांपुढे दीड तास

टूरच्या शेवटच्या दिवशी सकाळी पपायरसचं दुकान आणि मग अत्तराचं दुकान असा 'कार्यक्रम' होता. मावशी म्हणाली, मी नाही येणार, तुला जायचं तर जा. मी कशाला जातोय, टॅक्सी केली आणि दोघं बाब अल-खल्कला उतरलो, इस्लामिक कला संग्रहालयात. २०१४ मध्ये समोरच्या पोलीस मुख्यालयाबाहेर कारबॉम्ब फुटला तेव्हा या इमारतीचंही खूप नुकसान झालेलं, २०१७ ला परत उघडलं. आत गर्दी अजिबात नव्हती, पिरॅमिडची धक्काबुक्की खाऊन आलेल्याला स्वर्गच.

आधी एक सांगायला हवं, आम्हा दोघांना अरबी येत नाही. अक्षरं लागतात, तीही युट्यूबच्या कृपेने. पण आम्ही मोडीच्या क्लासला जातो आणि मोडी कागदांवर तो शुहूर सन असतो ना, जुन्या कागदांवरचा वर्ष शब्दात लिहायचा सन, सीत, सबा, समान, तिसा (सहा, सात, आठ, नऊ) वाला, ते सगळे अरबी आकडेच की! शिवराज्याभिषेकाचं वर्ष खमस सबैन अलफ, म्हणजे पाच, सत्तर, हजार, १०७५, त्यात ५९९ मिळवले की १६७४. एकक आधी, मग दशक, मग पुढचं. दिनारावर, म्हणजे खलिफांच्या सोन्याच्या नाण्यावरही वर्ष असंच, आकड्यात नाही, शब्दात, आणि याच क्रमाने.

नाण्यांच्या कपाटात आम्ही अडकलो ते हिजरी ७७ च्या दिनारापाशी. उमय्या खलिफा अब्द अल-मलिकने त्या वर्षी, म्हणजे इसवी ६९६-९७ मध्ये, सोन्याच्या नाण्यावरचं चित्र काढून टाकलं आणि नुसती अक्षरं ठेवली. आपल्या रुपयापेक्षा लहान नाणं, वजन साधारण सव्वाचार ग्रॅम, जुन्या एका तोळ्यात पावणेतीन बसतील. यावर खलिफाचं नाव नाही, टांकसाळीचंही नाही, त्यामुळे नाणं कुठल्या खलिफाच्या वेळचं हे ठरवायला हाताशी काय, तर फक्त वर्ष.

मधे तीन ओळी, 'अल्लाह अहद, अल्लाह अस्समद' वगैरे. वर्ष कडेच्या गोल मजकुरात आणि तो घड्याळाच्या उलट फिरतो, नाणं तर काचेत, मग आपणच मान वाकडी करत फिरायचं, सिक्युरिटीवाला संशयाने बघतोय. 'बिस्मिल्लाह', मग 'दुरिब हाजा अद्दीनार' म्हणजे हा दिनार पाडला, मग 'फी सनत'. सनत म्हणजे आपला सन, तो सापडला की पुढे वर्ष. मी झोकात वाचलं, तिसा तिसैन, नव्व्याण्णव!

"अरे, खाली पाटीवर सत्याहत्तर लिहिलंय," मावशी.

चूक माझी, पण अगदीच बावळटाची नाही हां. या जुन्या कूफी लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरांच्या वरखालचे ठिपके, जवळजवळ नसतातच. सात लिहायचे तर आधी 'स'चे तीन दात, मग 'ब'चा एक, मग ऐन हे अक्षर. नऊ लिहायचे तर आधी 'त'चा एक दात, मग 'स'चे तीन, मग ऐन. नुक्ते गेले की दोन्हीकडे चार दात आणि ऐन, बसा मोजत. सत्तर आणि नव्वदचंही तेच, म्हणजे ७७, ७९, ९७, ९९ चारही वर्षं दिसायला सारखी! कारागीर कधीकधी 'ब'चा किंवा 'त'चा दात जरा उंच काढतो, तेवढीच खूण. फोनवर फोटो मोठा करून आम्ही त्या एका दातावर पंधरा मिनिटं भांडलो. मला अजूनही तो उंच वाटत नाही.

त्यापुढे फातिमी, म्हणजे नंतरच्या शिया खलिफांच्या घराण्याचे दिनार मात्र लांबूनच कळतात, त्यातल्या खलिफा मुइझचे तर एकात एक गोल, चक्राकार, मधे जवळपास रिकामं. आतल्या दोन वर्तुळांत इमाम 'मअद', हे मुइझचंच मूळ नाव, आणि 'अल-मुइझ लिदीनिल्लाह', बाहेरच्यात टांकसाळ आणि वर्ष. टांकसाळ 'मिस्र'. मागच्या बाजूला हजरत अलींचं नाव, की शिया घराणं हे पक्कं. खलिफा, टांकसाळ, वर्ष सगळं एका नाण्यावर, उमय्यांनंतर हे म्हणजे उत्तरं छापलेली प्रश्नपत्रिकाच.

संध्याकाळी त्याच मुइझच्या नावाच्या रस्त्याने खान अल-खलिली बाजारात गेलो. एका टपरीवर ट्रेमध्ये तीन पिवळीधमक नाणी, "ओरिजिनल, फातिमी!" दोनशे इजिप्शियन पाउंड. खरं असतं तर दोनशेत मिळालं नसतं आणि विमानतळावर आम्हीच आत गेलो असतो. शिवाय तिन्ही नाण्यांना एकाच जागी एकच ओरखडा, म्हणजे एकाच साच्यातली. मावशीने तरी एक उचललं, गोल गोल फिरवत पुटपुटली, सलास... सितैन... सलास मया. ३६३.

"खोटं आहे, पण शुद्धलेखन बरोबर आहे," म्हणाली, आणि घासाघीस करून ऐंशीला घेतलं, क्लासला दाखवायला.