रोपं नाही, कोयते आणा

वनपाल म्हणून निवृत्त झालो, आता नागपुरात मानेवाड्याला राहतो. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी कॉलेजची पोरंपोरी घेऊन देवलापारकडच्या एका गावात जातो. गणेशपेठच्या स्टँडवरच कोणीतरी विचारतं, "काका, रोपं कुठून घ्यायची?" रोपं नाही बाप्पा, आपल्याला बांबू तोडायचा आहे. मग चेहरे पाहण्यासारखे होतात.

गावात शिकवतो तो माझ्याच वयाचा एक गोंड माणूस. पोरं त्याला भाऊजी म्हणतात. तो त्यांना मानवेल जातीच्या बांबूच्या गच्च बेटासमोर, म्हणजे झुबक्यासमोर, उभं करतो आणि म्हणतो, "कोणता तोडाल?" सगळे बाहेरचा दाखवतात, कारण हात तिथंच पोचतो. तोच तर कोवळा असतो! नवे बांबू बेटाच्या कडेनं येतात, जुने आत राहतात. कडेचे तोडत गेलं की आत म्हातारे, वाकडे, वाळलेले एकमेकांत अडकून बसतात आणि नव्या कोंबाला वाट उरत नाही. म्हणून बेट घोड्याच्या नालेसारखं एका बाजूनं उघडायचं, मधात शिरायचं आणि पिकलेले काढायचे. जमिनीवर एक पेर ठेवून, गाठीच्या लगेच वर घाव. पेर अर्धवट राहिलं तर त्यात पाणी साचतं आणि बुडखा सडतो. बेटात सातआठ धडधाकट बांबू राखायचेच.

वय ओळखण्यात पोरांचा खरा कस लागतो. अंगावर तपकिरी पापुद्रे आणि पांढरी भुकटी असेल तर तो यंदाचा. उंची त्यानं एकाच पावसाळ्यात गाठलेली असते, पक्का व्हायला मात्र तीनेक वर्षं लागतात. मागं धरमपेठेची एक पोरगी प्रत्येक बांबूवर टिचकी मारून आवाज ऐकत होती. भाऊजी हसला, पण तिला थांबवलं नाही. मोबाईलमध्ये डोकं घालणाऱ्यांपेक्षा ती लवकर शिकली.

माझ्या नोकरीचा बराच काळ बांबू कायद्यानं झाडच होता, गवत नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तो गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, ठरवला, तरी गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना हाती यायला २०११ उजाडलं. हे सांगितलं की पोरं माझ्याकडेच पाहतात, जसं काही मीच अडवला होता.

आता भांडण वास्त्यांचं, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांचं आहे. पोरांना पावसाळ्यात येऊन उघडलेल्या बेटांतले कोंब मोजायचे आहेत, आणि गावाला वास्त्याची भाजी पाहिजे. तूर्त ठरलं ते असं: उघडलेल्या बेटांना दोन पावसाळे कोणी हात लावायचा नाही, बाकीच्यांतून भाजीपुरते काढायचे. भाऊजीची बायको अजून कबूल नाही.