आमची वाटचाल : बादली किती दिवसांत संपते?

२०११ साली कोथरूडला दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही दोघा भावांनी गप्पी, मॉली आणि गोल्डफिशचं दुकान टाकलं. पहिली पाच वर्षं गोड्या पाण्यातच गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चार टाक्यांच्या काचा तडकल्या आणि बरीच उधारी बुडाली.

२०१६ च्या सुमारास बाणेर-औंधकडच्या काही लोकांनी घरात कोरल, म्हणजे जिवंत पोवळी, पाळायला खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवल्या. पाणी बदलायला आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) धुवायला माणूस हवा, म्हणून आम्हाला बोलावणं आलं. "समुद्राचं पाणी कुठून आणता, अलिबागहून?" हा प्रश्न तेव्हापासून ऐकतोय. आणत नाही. आरओच्या पाण्यात रीफचं मीठ कालवून, लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार धरून ते घरीच तयार होतं. आईला म्हटलं, आता पोवळ्यांचं काम करतो, तर तिचा पहिला प्रश्न, "मंगळाच्या का रे?"

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवली, कोरल विकायचं नाही. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. "आपल्याकडचंच आहे, स्वस्तात देतो," असे फोन अजून येतात, ते आम्ही लगेच ठेवतो. ग्राहकाकडे परदेशातून आलेलं असेल तर आधी कागद पाहतो. आमचं काम सांभाळण्याचं आणि आजारपणाचं.

आजारपण म्हणजे नव्वद टक्के वेळा एकच तक्रार असते, "कोरल पांढरं पडलंय." पण पांढरं पडण्यात दोन प्रकार आहेत आणि पहिलं वर्षभर आम्हालाच ते नीट कळत नव्हते. एकात कोरलच्या आतलं शेवाळ निघून जातं, कातडी मात्र जागेवर असते. भिंगातून पाहिलं की काचेसारखी पातळ कातडी आणि तोंडं दिसतात. हे ब्लीचिंग. यातून कोरल परत येऊ शकतं. दुसऱ्यात कातडीच सुटते आणि खाली उरतो कोरा सांगाडा. तेवढ्या जागेवर आशा संपलेली असते, प्रश्न फक्त पुढे किती जाणार याचा. काही तासांत अख्खी वसाहत सोलून निघाली तर शौकीन त्याला आरटीएन (रॅपिड टिश्यू नेक्रोसिस, झपाट्याने कातडी गळणं) म्हणतात. बुडापासून रोज दोन-चार मिलिमीटर सरकत गेली तर एसटीएन, म्हणजे तेच पण 'स्लो'. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही मोबाइलवर फोटो मागवून निदान करायला लागलो, तेव्हा सगळे फोटो निळ्या दिव्यातले यायचे. निळ्या दिव्यात मेलेलंसुद्धा देखणं दिसतं. तेव्हापासून फोनवर आमचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे, "आधी पांढरा दिवा लावा."

आता ज्या घराने आम्हाला हे काम शिकवलं त्याबद्दल. एरंडवण्यात एक निवृत्त प्राध्यापक काका आहेत. टाकी ३०० लिटरची, आत अ‍ॅक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या कोरलच्या सात वसाहती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला. जाऊन पाहिलं तर तीन वसाहती बुडापासून पांढऱ्या. कातडीची कड अशी स्वच्छ, जणू ब्लेडने सोललेली. अ‍ॅक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या किड्यांचा संशय आला म्हणून एक फांदी वेगळ्या भांड्यात पिपेटच्या फवाऱ्याने झोडपली. किडा नाही, चाव्याचे गोल डाग नाहीत, बुडाशी तपकिरी अंडी नाहीत. (अंडी नसल्याचा मोठा आनंद असतो, कारण डिपने, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुचकळून, किडे पडतात, अंडी मरत नाहीत.) तापमान २६, क्षार ठीक. केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, डिग्रीत मोजतात) पाहिला तर ६.१. महिन्यापूर्वी ८.५ होता.

"काका, गेल्या पंधरा दिवसांत काय बदललं?"

"अहो, काही नाही."

हे उत्तर प्रत्येक घरात मिळतं. चहा घेऊन आलेल्या काकू सहज म्हणाल्या, "पाऊस लागल्यापासून ती चुन्याची बादलीसुद्धा संपत नाही बघा. मेमध्ये दोन दिवसांत खडखडाट व्हायचा, आता चार दिवस पुरते."

मी चहा खाली ठेवला. काका उडालेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी घालायचे. पंप पातळी बघून आपोआप सोडायचा. निवळी म्हणजे कोरलचं कॅल्शियमही आणि केएचही. ३०० लिटरला एक लिटर दाट निवळी केएच जवळपास ०.४ ने वाढवते. मेमधल्या कोरड्या हवेत रोज चार लिटर पाणी उडायचं, म्हणजे केएचची रोज दीड डिग्री मिळायची आणि कोरल तेवढी खायचं. पावसाळी दमट हवेत पाणी दोनच लिटर उडायला लागलं. खाणं तेवढंच, ताटातलं निम्मं. पंप, चुना, दिवे, सगळं व्यवस्थित चालू होतं, म्हणून तर काकांना काही बदललेलं दिसत नव्हतं.

कारण सापडल्याच्या आनंदात मी घोडचूक केली. सोड्याचं द्रावण ओतून एका रात्रीत केएच ६.१ वरून ९ वर नेला. सकाळपर्यंत उरलेल्यांपैकी आणखी दोन वसाहती सोलल्या. त्या आजाराने नाही, माझ्या उपचाराने गेल्या. काका काही बोलले नाहीत. त्या महिन्याचे पैसे मात्र मी घेऊ शकलो नाही.

आता केएच दिवसाला अर्ध्या डिग्रीच्या वर चढवत नाही, ग्राहक कितीही घाई करो. फांदी वाचवायची तर पांढऱ्या कडेच्या सेंटिमीटरभर वर, निरोगी भागातून कापतो आणि सुपरग्लूच्या जेलने नव्या प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, चिकटवतो. टॉर्च किंवा हॅमर जातीच्या कोरलवर तपकिरी जेली दिसली तर आधी टाकीतले सगळे पंप बंद. नाहीतर ती घाण उडून शेजारच्या कोरलवर बसते. मग बारीक नळीने ओढून बाहेर. वास असा येतो की त्या दिवशी घरी जेवण जात नाही. आयोडीनचा डिप त्यानंतर, तोही बादलीत, टाकीत कधीच नाही.

फ्लोरिडात मायामीजवळ २०१४ मध्ये दगडी प्रवाळांची कातडी गळण्याचा मोठा आजार दिसला आणि समुद्रात बुडी मारणाऱ्यांनी जखमांवर अमॉक्सिसिलिनची पेस्ट लावली, हे वाचून काही जण कॅप्सूल फोडायला निघतात. ती पेस्ट जखमेपुरती लावायची असते. टाकीभर अँटिबायोटिक ओतलं तर फिल्टरमधले कामाचे जिवाणूही जातात, मग अमोनियाशी भांडत बसा. आणि निवळीसाठी पानवाल्याकडचा चुनाही चालत नाही, हे सांगूनही दरवर्षी एक जण घालतोच.

आज आम्ही चौघं आहोत, गाळा धायरीला हलवला आहे आणि २३ टाक्यांचं काम आहे. प्रत्येक टाकीपाशी एक शंभर पानी वही टांगलेली असते. त्यात केएच, कॅल्शियम, तापमान यांच्या शेजारी एक रकाना आम्हीच आखून देतो, 'बादली किती दिवसांत संपली'. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊ सगळ्यांना फोन करतो आणि एवढंच विचारतो. एरंडवण्याची वही काकूच लिहितात. परवाच्या नोंदीत दिवसांच्या आकड्यापुढे त्यांनी कंसात लिहिलंय, 'पाऊस नाही, पण ढग आहेत.'