तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीत घर सोडून चिनार बघायला का जाते

"अजून पावसाचा पत्ता नाही आणि तू ऑक्टोबरचं बुकिंग काय करून राहिली?" दर जूनमध्ये हे ऐकते. स्टाफरूममध्ये, जाऊबाईंकडून, लग्नाच्या पंगतीत. पाठोपाठ दुसरा प्रश्न असतोच: "वाळली पानं बघायले श्रीनगरला काहून? आपल्या सेमिनरी हिल्सवर पानं गळत नाहीत का?" आजवर हसून वेळ मारून नेली. यंदा मात्र नीट सांगते.

सेमिनरी हिल्सवर, म्हणजे आमच्या नागपुरातल्या टेकडीवर, पानं गळतात. सागाची, फेब्रुवारी-मार्चमध्ये. जमिनीतली ओल आटत आली की साग पानांचा भार उतरवून ठेवतो, आणि ती तपकिरी, हाताएवढी पानं आपल्या पायाखाली चुरचुरतात. श्रीनगरच्या चिनारच्या झाडाचं कारण वेगळं. तिथे दिवस आखूड होतो, रात्री गार पडतात आणि पान हिरवा रंग बनवणं थांबवतं. पिवळा रंग आधीपासून पानात असतोच, हिरवा ओसरला की तो दिसू लागतो. लाल मात्र पान जाता जाता नव्यानं तयार करतं, आत अडकलेल्या साखरेतून. त्यासाठी लख्ख ऊन आणि गोठवणार नाही इतपत गारवा लागतो. साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर चिनार पिवळा पडू लागतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेटल्यासारखा दिसतो. काश्मिरी लोक या ऋतूला हरुद म्हणतात. एखाद्या वर्षी आठ दिवस मागेपुढे, पण फार नाही.

मागेपुढे होते ती आपली दिवाळी. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे थेट १२ नोव्हेंबरला. मी शाळेत शिकवते, सलग सुट्टी मिळते ती दिवाळीचीच. चिनार आणि सुट्टी जुळतात त्या वर्षी नेमकी दिवाळी मध्ये येते. तुम्हाला खटकतं ते हेच, आणि ते मला कळतं.

आता २०१८ चं सांगते, कारण खरं उत्तर तिथे आहे.

आमच्या गल्लीत दर हिवाळ्यात एक काश्मिरी शालवाले चाचा यायचे. आई शाल क्वचितच घ्यायची, पण चहा द्यायची. एका वर्षी त्यांनी तिला चिनारचं वाळलेलं पान आणून दिलं, पंजासारखं, लालसर. ते तिनं हरिपाठाच्या पुस्तकात ठेवलं. नंतरची कितीतरी वर्षं ती म्हणायची, "हे झाडावर कसं दिसत असेल, एकदा पाहायचं आहे." तिनं माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

२०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ होता, दिवाळी ७ नोव्हेंबरला आली. मी तेव्हाही आधीच ठरवलं होतं. रेल्वेचं आरक्षण तेव्हा १२० दिवस आधी उघडायचं, आणि उघडलं त्याच दिवशी मी तिकिटं काढली. जम्मूपर्यंत गाडी, पुढे टॅक्सी, श्रीनगरला पाच रात्री, ९ तारखेची परतीची गाडी. कागदावर एक दिवसही मोकळा नव्हता, आणि तेव्हा मला त्याचंच कौतुक वाटलं होतं.

३ नोव्हेंबरला, शनिवारी, आम्ही जम्मूत होतो आणि वर बर्फ पडला. पानं अजून झाडावर, सफरचंदं फांदीवर, आणि त्या सगळ्यावर ओला, जड बर्फ. लॉजच्या टीव्हीवर मोडलेल्या फांद्या दाखवत होते. हायवे बंद. खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. गुडघे धरून आई एक एक पायरी चढली. दुसऱ्या दिवशीही रस्ता बंदच. टॅक्सीवाला म्हणाला, आज सुटेल, उद्या सुटेल, काही सांगता येत नाही. दुपारी आई म्हणाली, "चल, परत जाऊ. निदान लक्ष्मीपूजन तरी घरी होईल."

मला तिच्या चेहऱ्यावरचा थकवा दिसायला हवा होता. मला दिसले ते माझे चार महिने. मी म्हटलं, "तुझ्यासाठी एवढं केलं आणि तुलाच घाई? तुला पानच बघायचं होतं ना? आहे तुझ्या पुस्तकात. ते बघत बस." आणि पुढे हेही म्हटलं, "आता तुला घेऊन मी कुठेही जाणार नाही."

आईनं मांडीवरचा हरिपाठ मिटला. काही बोलली नाही. पान तिनं बरोबर आणलं होतं, झाडाखाली पडलेल्या ताज्या पानाशेजारी ठेवून बघायला. मला ते माहीत होतं. तरी बोलले.

मी तिथल्या तिथे तत्काळमधून परतीची तिकिटं काढली. ते शहाणपण नव्हतं, राग होता. भोपाळच्या आसपास टॅक्सीवाल्याचा फोन आला की गाड्या सोडायला लागलेत. शेजारच्या बर्थवर आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, किंवा जागी होती. नरकचतुर्दशीला पहाटे घरी पोचलो आणि तिनं अंघोळीसाठी पाणी तापत ठेवलं. ते पान मी त्यानंतर कधी पाहिलेलं नाही. कुठे आहे, हे विचारलंही नाही.

तेव्हापासून मी स्वतःशी भांडते आहे. मनाशी म्हणते, मोकळे दोन दिवस ठेवले असते तर ती वेळ आली नसती. मग मनच म्हणतं, बर्फ तुझं वेळापत्रक बघून पडत नाही, आणि जिभेला आधीपासून काय ठरवून देणार होतीस? दोन्ही पटतं. हल्ली मी दोन दिवस जास्तीचे ठेवते, खोली तळमजल्यावरची घेते, आणि तळमजल्याच्या खोल्या थोड्याच असतात म्हणून जूनमध्येच ठरवते. इतकं सरळ आहे ते. तरी दर वर्षी खोली घेताना मी कुणासाठी तळमजला मागते आहे, हे मला ठाऊक असतं.

चिनार मी पहिल्यांदा २०२२ मध्ये पाहिला, हजरतबलला काश्मीर विद्यापीठाच्या आवारातल्या नसीम बागेत. मुघलांच्या काळची बाग, बुंधे असे की दोघींच्या कवेत मावणार नाहीत. पानं झाडावरही होती, हवेतही होती आणि घोट्यापर्यंत खालीही. बायका ती झाडून ढीग करत होत्या. त्यांचा कोळसा करून हिवाळाभर कांगडीत, म्हणजे अंगाजवळ धरायच्या छोट्या शेगडीत, वापरतात. मी तिथे रडले. घरी आणलेलं पान आईसमोर ठेवलं तर ती म्हणाली, "छान आहे. ठेव तिथे." आणि भाजी निवडत राहिली.

२०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि मी श्रीनगरला होते. हो, आईनं एकटीनं पूजा केली. मी फोनवर होते. तुमच्यापैकी काहींनी तिला फराळ नेऊन दिला, त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. पण "आईला एकटं टाकून गेली" हे तुम्ही म्हटलंत ते मला मान्य नाही. मी तिला चल म्हटलं होतं. मान्य का नाही, हे मला पूर्ण सांगता येत नाही, कारण माझं म्हणणं फक्त एकदाच झालं होतं, आणि तेही बॅग भरताना.

२०२५ मध्ये गेले नाही. एप्रिलमध्ये पहलगामला जे झालं त्यानंतर मी घाबरले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

यंदा पुन्हा अधिक ज्येष्ठ होता. दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, २०१८ पेक्षा एका तारखेनं पुढे. फरक एवढा की गेल्या वर्षापासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे जाते, त्यामुळे हायवेचा भरवसा धरावा लागत नाही. खोली ठरली आहे, दोन पलंगांची. या वेळी मी आईला जूनमध्येच विचारलं, समोर बसून. ती म्हणाली, "पळस काय कमी लाल असतो? फाल्गुनात रामटेकच्या रस्त्यानं जाऊन पाहा." मी म्हटलं, कमी नसतो. बराच वेळ गेल्यावर तिनं विचारलं, गाडीत खालचा बर्थ मिळतो का नक्की.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. आमच्या तारखेचं २८ ऑगस्टला, सकाळी आठ वाजता. त्या दिवशी राखीपौर्णिमा आहे आणि भाऊ घरी येणार आहे, तेव्हा आठ वाजता मी दार उघडलं नाही तर रागावू नका. दोन तिकिटं काढायची की एक, हे तिनं अजून सांगितलेलं नाही.