बोक्याने ट्रे नाकारला तेव्हा: माझा अनुभव

मांजराच्या मुताचा वास मे महिन्यात एक वेळ चालवून घेता येतो, जुलैत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. गोधडी धुतली तर वाळत नाही, गादी उन्हात टाकावी तर ऊनच नाही. नेमक्या अशा दिवसांत आमचा बोका बंडू त्याच्या शी-शूच्या ट्रेकडे ढुंकूनही बघेना.

बंडू मूळचा सासूबाईंचा, म्हणजे आईंचा. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा राजापूर तालुक्यातलं घर बंद करून त्या आमच्या फ्लॅटवर आल्या. सोबत आगोटीचं सामान, औषधांचा डबा आणि टोपलीत हा. चार वर्षांचा, नारिंगी पट्ट्यांचा, नसबंदी झालेला बोका. गावी त्याला मागचं परडं होतं, आंब्याखालची भुसभुशीत लाल माती होती. इथे दुसरा मजला आणि सगळीकडे गुळगुळीत लादी.

ट्रे मी आधीच मागवून ठेवला होता. वर झाकण, पुढे झुलणारं दार, आत लॅव्हेंडरच्या वासाचं लिटर, म्हणजे ओल शोषून घेणारे दाणे. बंडू पहिले काही दिवस नाइलाजाने त्यात गेला. मग पायपुसणं, मग आईंच्या पलंगाखालची चटई, मग थेट माझ्या अंथरुणावर. शी मात्र बहुधा ट्रेच्या दारात, बाहेरच्या अंगाला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘नाक घास त्याचं तिथे आणि एक चापट दे.’ दुसऱ्या कुणी सांगितलं की मांजर डूख धरतं, घर बदलल्याचा राग काढतंय. हे दोन्ही मला पटलं नाही. मारलेलं मांजर एवढंच शिकतं की माणसासमोर मुतायचं नाही. मग ते कपाटामागे जातं आणि आपल्याला पत्ता लागतो तो वासावरून. आई तेवढ्या शांत होत्या. ‘अगो, त्याला परडं हवंय,’ एवढंच म्हणायच्या.

पण परड्याआधी डॉक्टर. ट्रेत जाणारं मांजर एकाएकी बाहेर मुतायला लागलं की पहिल्यांदा दुखणं धरून चालायचं. मी फोनवर व्हिडिओ काढून नेला होता, त्याचा फार उपयोग झाला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘ताई, तो उभा राहून, शेपटी वर करून भिंतीवर उडवतो, की खाली बसून करतो?’ उभ्याने थोडं थोडं उडवणं म्हणजे हद्द आखणं. नसबंदी न झालेले बोके ते हमखास करतात. बंडू बसत होता, बराच वेळ बसत होता आणि उठताना खाली चमचाभर ओल असायची. व्हिडिओत ते स्वच्छ दिसत होतं. पाठ कमानीसारखी, मागचे पाय किंचित थरथरताहेत, आणि उठल्यावर लगेच स्वतःला चाटणं.

लघवी तपासली. मायक्रोस्कोपखाली स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे बारीक खडे, थोडं रक्त, मूत्राशयाला सूज. डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा बजावली, ती इथे लिहितेच. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार बारीक असते. तो ट्रेत पुनःपुन्हा जातोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. लघवी पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. दुसरं म्हणजे माणसाची वेदनाशामक गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा. आमच्या घरात गुडघ्यामुळे त्या गोळ्यांची अख्खी पट्टी कायम टेबलावर, त्यामुळे त्या दिवसापासून औषधं झाकणाच्या डब्यात गेली.

उपचार म्हणजे औषध, पथ्याचं खाणं आणि पाणी. मांजराला तहान मुळातच कमी, त्यात बंडूचा आहार म्हणजे कोरडे दाणे आणि वर आईंच्या हातची सुकट. सुकट बंद म्हटल्यावर आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याऐवजी पाकिटातलं ओलं खाणं, त्यात आणखी कोमट पाणी, आणि पाण्याची वाटी जेवणापासून लांब. वाटी दाराजवळ ठेवली तर तो जास्त पितो, हे आईंच्या लक्षात आलं. स्ट्रुव्हाइटचे खडे बऱ्याचदा पथ्याने विरघळतात, तसे त्याचेही विरघळले. पुढच्या तपासणीत लघवी स्वच्छ आली.

आणि तरीही पठ्ठ्या ट्रेत जाईना.

डॉक्टरांनी याचीही कल्पना दिली होती. ट्रेत गेलं की दुखतं, एवढं मांजराच्या डोक्यात बसतं. दुखणं थांबलं तरी ट्रेवरचा संशय राहतो. शिवाय आमच्या ट्रेत त्याला आवडावं असं काही नव्हतंच. एक दिवस मी जमिनीवर बसून नुसती बघत राहिले. तो दारापाशी आला, वास घेतला, पुढचा एक पंजा आत टाकला आणि काढून झटकला. दोन दाणे बोटांच्या बेचक्यात अडकलेले, ते दातांनी ओढून काढले. मग सरळ जाऊन काथ्याच्या पायपुसण्यावर बसला, नखांनी खरवडायला लागला. काथ्या उकरला जातो, ओल शोषून घेतो. आमच्या फ्लॅटमधली मातीच्या सगळ्यात जवळची वस्तू त्याने बरोबर शोधली होती.

तेव्हा झाकणाचा ट्रे माळ्यावर गेला. झाकणाखाली वास कोंडतो, आणि मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी हवा. बाजारातले बहुतेक ट्रे पिल्लांच्या मापाचे असतात. मी कपडे ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा खोका घेतला, एका बाजूची भिंत वीतभर उंचीवर कापली, कडेला पॉलिश पेपर मारला. स्वस्त आणि मस्त.

आत काय घालायचं, हा खरा प्रश्न. पसरट टबांमध्ये वेगवेगळं भरून शेजारी शेजारी मांडलं: बिनवासाचं बेंटोनाइट (ओल लागली की गोळा होणारी माती), सॉ मिलमधला भुसा, कुंड्यांसाठी आणलेला कोकोपीट आणि गावाहून आणलेली आंब्याखालची माती. पुळणीतली वाळू आण, असंही कुणी सुचवलं होतं. ती मी आणली नाही. त्या वाळूत मीठ असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि पावसाळ्यात ती कधी सुकतच नाही. भुशाकडे बंडूने पाहिलंही नाही. कोकोपीटमध्ये लोळला, बस्स. मातीत गेला, उकरलं, बसला, झाकलं. आई कॉटवरून म्हणाल्या, ‘बघ.’

पण नुसती माती फ्लॅटमध्ये चालत नाही. तिचा गोळा बनत नाही, खाली चिखल होतो आणि वास राहतो. शिवाय बाहेरच्या मातीत दुसऱ्या मांजरांची शी मिसळलेली असते, म्हणजे जंतांची अंडी आणि टोक्सोप्लाझ्मा हा पोटातल्या बाळाला धोक्याचा ठरणारा परजीवीही. नणंदेला तेव्हा दिवस होते आणि ती बाळंतपणाला इथेच येणार होती, म्हणून यावर डॉक्टरांनी सविस्तर सांगितलं. गरोदर बाईने ट्रे साफ करायचा नाही. बाकीच्यांनी रोजच्या रोज करायचा, कारण शीतून पडलेली टोक्सोप्लाझ्माची अंडी लागण करण्याजोगी व्हायला निदान एक दिवस तरी लागतो. आणि माती वापरायचीच तर तापवून. गावी आमची न्हाणीघराची चूल अजून पेटते. दिरांनी जुन्या लोखंडी काहिलीत माती घालून रवा भाजावा तशी ती उलथ्याने परतून परतून भाजली, चाळली आणि पोत्यात भरून पाठवली.

सुरुवातीला सगळी भाजलेली माती, वर मूठभर बेंटोनाइट. मग हळूहळू बेंटोनाइट वाढवत नेलं. घाई केली की बंडू लगेच कळवायचा, म्हणजे पायपुसण्यावर. मग एक पायरी मागे. बेंटोनाइट ही कच्छमध्ये भरपूर सापडणारी माती, पाणी प्यायली की फुगते आणि घट्ट गोळा होतो. आमच्याकडच्या हवेत उघडी पिशवी आपोआपच दमट होते आणि मग तिचे कण पायाला चिकटतात. म्हणून ती पिठाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. खोक्यात थर दोन-अडीच इंचांचा.

स्वच्छतेचं वेगळं रामायण. फिनाईलने पुसलं की आपल्याला वाटतं झालं. पण फिनाईलमध्ये असू शकणारं फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही, आणि पुसलेल्या लादीवरून चालून ते पंजे चाटतंच. वासही जात नाही. मुतातलं युरिक ॲसिड साबणाच्या पाण्याला दाद देत नाही. ते सुकून राहतं आणि हवा दमट झाली की पुन्हा वास सोडतं. म्हणजे कोकणात रोजच. ते मोडणारं एन्झाइमवालं क्लीनर कुरियरने मागवलं. ते ओतून तसंच ओलं राहू द्यायचं, लगेच पुसायचं नाही. डाग शोधायला ओळखीच्या दुकानातून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला आणि रात्री सगळे दिवे घालवून खोलीभर फिरलो. कपडे धुवायच्या पावडरीमुळे चादरी, परकर, नवऱ्याचे बनियन सगळं निळं लकाकत होतं. त्यात भिंतीच्या कडेला पिवळट-हिरवे ओघळ वेगळे उठून दिसले, कपाटामागे तर अख्खं तळं. नवरा म्हणाला, ‘हे आपलं घर आहे?’ काथ्याची पायपुसणी त्याच रात्री कचऱ्यात गेली.

जागाही बदलली. आधी ट्रे वॉशिंग मशीनशेजारी होता, मशीन पाणी पिळायला लागलं की बंडू उडायचाच. शिवाय बाल्कनीच्या छज्जावर एक बाहेरचा दांडगा बोका येऊन बसायचा. त्या काचेला खालून हातभर कागद चिकटवला. एक खोका आता आईंच्या खोलीत, दुसरा हॉलच्या कोपऱ्यात. एका मांजराला दोन जागा असाव्यात असं डॉक्टर म्हणाले होते. हॉलच्या कोपऱ्यावरून आईंशी थोडी चकमक झाली, कारण समोर देवघर. शेवटी मध्ये शिसवी टेबल आडवं लावलं, त्यांनीच सुचवलं.

गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलं, आरत्या, टाळ, पोरांचा दंगा. त्या दिवसांत बंडू आईंच्या खोलीतला खोकाच वापरत होता, आणि बाहेर काही झालं नाही. आता मिश्रणात माती चौथाईच उरली आहे. त्याहून कमी केली की तो कडेला उभा राहून आमच्याकडे बघतो, म्हणून तिथेच थांबलो. पोतं संपलं की दीर राजापूरहून एसटीत चढवून देतात. मागच्या वेळी कंडक्टरने विचारलं, ‘माती? रत्नागिरीत माती नाही का?’ दिरांनी सांगितलं, ‘आहे हो, पण बोक्याला चालत नाही.’ सामानाचं तिकीट मात्र फाडावं लागलंच.